ग्रेपवाइन : बातमी द्राक्षाच्या वेलीवरून कशी काय येते?

पाटीपेन्सिल

बी.कॉम.च्या मुलांना बिझनेस कम्युनिकेशन शिकवते. अनौपचारिक संवादाचा भाग आला की 'ग्रेपवाइन' येतोच. गाइडवाले त्याच्यापुढे 'अफवा, कुजबूज, ऑफिसातल्या चकाट्या' एवढं लिहून मोकळे होतात. परीक्षेपुरतं ते चालतंही. पण वर्गात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅम, द्राक्षाचीच वेल का? भोपळ्याची का नाही?"

मी मुलांना सांगते ते असं. २४ मे १८४४ ला सॅम्युएल मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत गावोगाव खांब उभे राहिले, सरळ रेषेत तारा ताणल्या गेल्या. ज्यांच्या हाती ती तार नव्हती त्यांच्या बातम्या मात्र तोंडोतोंडीच जायच्या, रानातल्या वेलीसारख्या वळणं घेत. लोक त्याला 'ग्रेपवाइन टेलिग्राफ' म्हणायला लागले. पुढे टेलिग्राफ गळून पडला, वेल राहिली.

आता माझं मत. या शब्दाला नुसतं 'अफवा' म्हणणं अन्यायाचं आहे. ज्यांना वर्तमानपत्र वाचायची बंदी होती, तार ऑफिसची पायरी चढायची सोय नव्हती, अशा माणसांची ती बातमीदारी होती. तुम्हाला काय वाटतं? आणि द्राक्षाचीच वेल का, याचं आणखी पटेल असं उत्तर कुणाकडे आहे का?

चिंगी

भोपळ्याची नाही, कारण भोपळा बातमी फोडत नाही. वाघानं विचारलं तरी आतून उत्तर एकच, "म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!"

कट्टेकरी

चिंगी, धागा इथेच संपला की!

दर्यावर्दी

छान विषय. आमच्या बोटीवरचा शब्द 'स्कटलबट'. बट म्हणजे लाकडी पिंप आणि स्कटल करणं म्हणजे भोक पाडणं. शिडाच्या जहाजांवर डेकवर प्यायच्या पाण्याचं असं भोक पाडलेलं पिंप असायचं. खलाशी पाणी प्यायला तिथे जमणार, दोन घटका थांबणार, आणि कॅप्टनच्या मनात काय चाललंय याची चर्चा होणार. अमेरिकन नौदलात प्यायच्या पाण्याच्या नळाला आजही स्कटलबट म्हणतात आणि बोटीवरच्या उडत्या बातमीलाही तेच नाव.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनवर होतो. पाण्याचं पिंप गेलं, त्याची जागा मेसरूमनं घेतली. पुढचं पोर्ट कुठलं, रिलीव्हर (आपल्या जागी येणारा माणूस) चढणार की कॉन्ट्रॅक्ट लांबणार, हे ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतून, आम्हाला कळायच्या आधी स्टीवर्डला माहीत असायचं. त्याचं कारण साधं. कॅप्टनच्या केबिनमधे चहा तोच घेऊन जायचा. आणि त्याची बातमी चुकली असं फारसं झालं नाही. म्हणून पाटीपेन्सिल, तुमचं म्हणणं मला पटतंय. ज्याला कुणी अधिकृतपणे काही सांगत नाही तो डोळे-कान उघडे ठेवतो.

पुस्तकवेडा

मला अर्धवटच पटतंय. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मधे, दोन्हीकडच्या सैनिकांच्या तोंडी हा शब्द होता आणि तिथे त्याचा अर्थ सरळ 'थाप' असा होता. दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली, अमका सेनापती मेला, उद्या सगळ्यांना रजा, अशा बातम्या छावणीत रोज उठायच्या आणि त्यांना 'ग्रेपवाइन' म्हणून उडवून लावायचे. तार म्हणजे खरी बातमी, द्राक्षवेलीची तार म्हणजे खोटी, अशी ती थट्टा. तेव्हा गाइडवाले अगदीच चुकीचं लिहीत नाहीत. त्या थट्टेला आपण मागाहून शोषितांच्या बातमीदारीचं रूप देतोय का, हे तपासायला हवं.

वाचाळवीर

द्राक्षाचीच वेल का, याची एक मजेदार गोष्ट वाचली होती. कॅलिफोर्नियातल्या प्लॅसरव्हिलहून नेवाडाकडे बी आडनावाच्या माणसानं १८५० च्या दशकाच्या अखेरीला तारेची लाइन टाकली. खांबांचा खर्च वाचवायला तार झाडांनाच बांधली. वारा सुटला की झाडं डोलणार, तार ताणली जाणार, आणि काही दिवसांत ती सैल पडून वेटोळी होऊन जमिनीवर लोळणार. लोक म्हणायला लागले, ही तार कसली, ही तर द्राक्षाची वेल! म्हणून बेभरवशाच्या बातमीला ग्रेपवाइन. झालं की उत्तर.

पुस्तकवेडा

वाचाळवीर, गोष्ट झकास आहे आणि ती लाइन खरोखर होती. त्या लाइनला 'ग्रेपवाइन' म्हणायचे हेही खरं. पण साल बघा. 'ग्रेपवाइन टेलिग्राफ' हे शब्द १८५२ मधेच छापलेले सापडतात, म्हणजे बी साहेबांची तार लोळायच्या कितीतरी आधी. शब्द आधीच लोकांच्या तोंडी होता, म्हणून ती सैल तार बघताच त्यांना तो आठवला. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधे ग्रेपवाइन नावाचा एक जुना गुत्ता होता, तिथे गप्पा रंगायच्या म्हणून हे नाव, असंही सांगतात. दारावर वेल चढलेली असली की गुत्त्याला तसं नाव पडणारच. शब्दाच्या उगमाचा तो पुरावा होत नाही.

अनुजा_वाई

वाचतेय. पुस्तकवेडा, तुम्ही कुणाला काही पचू देत नाही :)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार. इंग्रजीचं तुम्ही बघा, वेलीचं मी सांगतो.

तुम्ही सगळे बहुतेक मांडवावरची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणताय. आमच्या बागेत वेल तारेवरच असते, पण सरळ. खोड उभं, त्यावर ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, दोन्ही बाजूंना तारेला बांधलेले, त्यातून काड्या. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधे बगलफुटी काढत राहायचं. ही वेल माणसानं शिस्तीत आणलेली आहे. हिच्याकडे बघून 'वाकडीतिकडी बातमी' कुणाला सुचणार नाही.

पण जमिनीखाली दुसरंच प्रकरण आहे. आमच्याकडच्या बहुतेक बागा कलमी आहेत. वर थॉमसन किंवा सोनाका या खायच्या द्राक्षाच्या जाती, आणि खाली खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, डॉगरिजचा. हा डॉगरिज अमेरिकेचा, टेक्ससच्या रानवेलीच्या जातीतला. पाणी कमी असो, जमीन खारवट असो, तो तग धरतो म्हणून आपण आणला. कधी कलम मरतं आणि खुंट एकटाच फुटतो. लक्ष गेलं नाही तर काय होतं बघा. एका पावसाळ्यात तो बांध ओलांडतो, शेजारच्या बाभळीवर चढतो, तिथून शेवग्यावर जातो. तणावे, म्हणजे वेलीचे धागे, असे आवळून बसतात की सोडवताना झाडाची साल निघते. कुठून निघाला आणि कुठे पोचला, बुंध्यापासून माग काढत गेलात तरी मधे हरवता. वर पानंच पानं, आणि शेंडा कुठल्या तरी भलत्याच झाडावर डोकावतो.

मोर्सच्या काळात अमेरिकेच्या पूर्व भागात अशीच रानद्राक्षं नदीकाठी, कुंपणावर, जंगलात सगळीकडे होती. लोकांच्या रोजच्या बघण्यातली वेल तीच. सरकारी तार खांबावरून, रानवेल झाडावरून. दोन्ही लांबच लांब, दोन्ही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या. मला तर दुसरं कुठलं कारणच शोधायची गरज वाटत नाही.

पाटीपेन्सिल

गोदाकाठ दादा, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. आपल्या नाशकातल्या मुळांशी तसलीच अमेरिकन रानवेल आहे हे मला स्वप्नातही माहीत नव्हतं!

चिंगी

म्हणजे आपण खातो ती द्राक्षं मूळची ग्रेपवाइनवरचीच. मग नाशिककरांना सगळ्या बातम्या आधी कळतात यात नवल काय.

रेवा_रिचमंड

पुस्तकवेडा यांच्या शंकेला उत्तर देते, जरा मोठं होईल.

मी व्हर्जिनियात राहते. पुढे काळ्या लोकांचे मोठे नेते झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म याच राज्यातल्या फ्रँकलिन काउंटीत, गुलामगिरीत झाला. त्यांचं 'अप फ्रॉम स्लेव्हरी' हे आत्मचरित्र १९०१ साली आलं. त्यात ते 'ग्रेपवाइन टेलिग्राफ' हेच शब्द वापरतात आणि थट्टेनं अजिबात नाही. मळ्यापासून टपाल कचेरी तीन मैलांवर. टपाल आणायला मळ्यावरचा एखादा काळा माणूस जायचा. पत्रं घेतली की गोरे लोक तिथेच घोळका करून युद्धाच्या बातम्यांवर बोलत उभे राहायचे. हा माणूस जरा रेंगाळायचा, ऐकायचा, आणि परतीच्या वाटेवर आपल्या माणसांना सांगत यायचा. मोठ्या वाड्यातल्या मालकाला बातमी कळायच्या आधी ती झोपड्यांतून पोचलेली असायची. कारण मालकाची पत्रं याच्याच पिशवीत होती!

दुसरी गोष्ट तर मला फार आवडते. बुकर लहान असताना त्यांना जेवणाच्या वेळी वाड्यावर बोलवायचे. काम एकच, कप्पीवरची दोरी ओढून कागदी पंखे हलवायचे आणि टेबलावरच्या माश्या हाकलायच्या. टेबलावर विषय युद्धाचा आणि गुलामांच्या सुटकेचा. दोरी ओढणाऱ्या पोराकडे कोण बघतंय? पोरगा सगळं ऐकत होता.

आता हे ध्यानात घ्या की व्हर्जिनियात १८३१ च्या कायद्यानं काळ्या लोकांना जमवून लिहावाचायला शिकवण्यावर बंदी होती. पेपर वाचता येऊ नये याची कायद्यानं व्यवस्था केलेली. अशा ठिकाणी कानावर आलेलं पुढे पोचवणं म्हणजे चकाट्या पिटणं नव्हे. लिंकनचं सैन्य कुठवर आलं हे कळण्यावर त्यांचं आयुष्य टांगलेलं होतं. बुकर यांची आई पहाटे मुलांशेजारी गुडघे टेकून लिंकनच्या विजयासाठी प्रार्थना करायची, हेही त्याच पुस्तकात आहे. तिच्यापर्यंत लिंकनचं नाव कुठल्या वाटेनं आलं असेल, विचार करा.

निळासावळा

रेवा, अंगावर काटा आला. कप्पीची दोरी वाचून आपल्याकडचे पंखेवाले आठवले. साहेबाच्या जेवणघरात, कोर्टात, पायाला किंवा हाताला दोरी बांधून बसलेला माणूस. त्यानं काय काय ऐकलं असेल ते कुठल्याच दप्तरात नाही.

अनुजा_वाई

इथे एक जोडावंसं वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केली होती. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून जोतीराव त्या लढ्याशी आपलं नातं सांगत होते.

पुस्तकवेडा

रेवाताई, उत्तम लिहिलंत. बुकर वॉशिंग्टन यांचा दाखला भक्कम आहे. पण बघा, याचा अर्थ एवढाच की शब्द एक आणि तोंडं दोन. छावणीतल्या गोऱ्या सैनिकाच्या तोंडी तो थापेला होता, कारण त्याच्याकडे खरी तार, पत्र, पेपर सगळं होतं आणि त्याच्या तुलनेत हे हलकं. मळ्यावरच्या माणसाकडे तुलनेला दुसरं काही नव्हतंच. १८७६ साली लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सैन्याच्या कस्टरचा मूळ रहिवाशांनी पराभव केला त्यानंतर नेवाडातल्या एका पेपरनं लिहिलं होतं की इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) लोकांकडे बातमी पोचवायचं काहीतरी गूढ साधन दिसतं, युद्धातल्या काळ्या लोकांच्या त्या प्रसिद्ध ग्रेपवाइन टेलिग्राफसारखं. म्हणजे तोवर गोऱ्या पत्रकारांनाही तो 'प्रसिद्ध' वाटत होता. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतोय, घ्या.

रेवा_रिचमंड

घेतला! आणि त्यावर एक गोष्ट परत देते.

१८६३, रॅपहॅनॉक नदी. अलीकडे उत्तरेचं सैन्य, पलीकडे फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला दक्षिणेचं. डॅबनी नावाचा गुलामगिरीतून पळून आलेला माणूस उत्तरेच्या छावणीत स्वयंपाक वगैरे कामं करायचा. त्याची बायको पलीकडे गेली आणि दक्षिणेच्या एका मुख्य तळावर कपडे धुवायला लागली. त्यानंतर पलीकडच्या फौजा हलल्या की डॅबनी तासाभरात येऊन सांगायचा आणि ते खरं निघायचं. अधिकारी चक्रावले. शेवटी त्यानं त्यांना उंचावर नेऊन नदीपलीकडची एक वाळत घातलेली कपड्यांची दोरी दाखवली. एकेक सदरा म्हणजे दक्षिणेचा एकेक सेनापती. करडा सदरा म्हणजे लाँगस्ट्रीट. तो काढून घेतला की लाँगस्ट्रीट रिचमंडकडे गेला. पांढरा म्हणजे हिल. तांबडा म्हणजे स्टोनवॉल जॅक्सन. सदरा दोरीवर जिकडे सरकेल तिकडे ती फौज सरकली. याला 'क्लोथ्सलाइन टेलिग्राफ' असं नाव पडलं. युद्धकाळातल्या हकिकतींत ही गोष्ट अशीच सांगितलेली आहे.

दक्षिणेचे सेनापती त्या बाईच्या हातचे धुतलेले सदरे घालून फिरत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

चिंगी

आता आमच्या चाळीतल्या दोऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेनं बघणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा लाल टॉवेल दोनदा सरकवलाय.

कट्टेकरी

जॅक्सन येतोय. पाणी भरून ठेवा.

तारमास्तर

मुली, तारेचं निघालंय म्हणून लिहितो. मी तार खात्यात मोर्सच्या यंत्रावर काम केलेला माणूस. ते कडकट्ट अजून बोटांत आहे.

आपल्याकडे १८५० च्या दशकात तार खात्याचे प्रमुख डॉ. ओशॉनेसी यांच्या देखरेखीत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेनं जोडली गेली. तार म्हणजे सरकारी, खरी, पक्की, हा भाव लोकांच्या मनात इतका बसला की पुढे शंभर वर्षं 'तार आलीय' म्हटल्यावर घरातल्या बायका आधी डोळ्याला पदर लावायच्या आणि मग मजकूर विचारायच्या. आम्हाला मजकूर बाहेर बोलायची सक्त मनाई. मी कधी बोललो नाही. पण छोट्या गावात तारवाला सायकलवरून ज्या गल्लीत वळेल त्या गल्लीत बातमी त्याच्या आधी पोचलेली असायची. लिफाफा बंद, आणि तरी दारात चार माणसं जमलेली. तारवाल्यानं घराजवळ सायकलची घंटी वाजवली नाही तर लोक समजायचे ते समजायचे.

तेव्हा सरळ तार आणि वाकडी वेल ही दोन वेगळी जगं आहेत असं मी म्हणणार नाही. तारेचं शेवटचं टोक जिथे संपतं तिथूनच वेल सुरू होते. जुलै २०१३ मधे तार सेवा बंद झाली. वेलीला कोण बंद करणार?

पाटीपेन्सिल

काका, सायकलची घंटी! असं कुठल्या पुस्तकात मिळणार? आणखी लिहा ना.

मेलबर्नकर

दर्यावर्दींच्या पिंपाला ऑस्ट्रेलियातून जोड. इथे उडत्या बातमीला 'फर्फी' म्हणतात आणि हे चक्क एका माणसाचं आडनाव आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपार्टन गावी जॉन फर्फी यांचा लोखंडाचा कारखाना होता. ते घोड्यानं ओढायच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. टाकीच्या तोंडावर ओतीव अक्षरांत भलंमोठं 'फर्फी'. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज छावणीत या टाक्यांतून पाणी यायचं. गाडी आली की सैनिक भोवती गोळा. आपल्याला कुठे पाठवणार, कधी निघणार, यावर तिथेच चर्चा. गाडीवाला या तळावरून त्या तळावर फिरणारा, त्यामुळे तो चार गोष्टी जास्तच सांगणार. पुढे हीच पोरं तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईला गेली आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला.

गंमत पुढे आहे. जॉनचे भाऊ जोसेफ फर्फी हे लेखक. ते 'टॉम कॉलिन्स' या टोपणनावानं लिहायचे. आणि टॉम कॉलिन्स हे नाव त्या काळात उडत्या बातम्या पिकवणाऱ्या काल्पनिक माणसाचं म्हणून वापरात होतं! म्हणजे एका भावानं अफवेचं नाव आधीच घेतलं होतं, आणि दुसऱ्याचं नाव नंतर अफवेला मिळालं.

इथल्या एका ग्रामीण संग्रहालयात ती टाकी जवळून बघितली. मागच्या झाकणावर एक उपदेशाचा श्लोकही ओतलेला आहे, चांगल्याचं अधिक चांगलं आणि त्याचं सर्वोत्तम होईपर्यंत थांबू नका, अशा अर्थाचा. सैनिकांनी तो बातम्यांच्या बाबतीत तंतोतंत पाळला.

दर्यावर्दी

व्वा मेलबर्नकर! पिंप, टाकी, आणि आमच्याकडे पाणवठा. पाणी भरायला वेळ लागतो, रांग लागते, हात रिकामे नसतात पण तोंड रिकामं असतं.

निळासावळा

पाण्यावरून आठवलं. १८५७ ची काडतुसांची बातमी कशी फुटली, ते लक्षात आहे का? जानेवारी महिना, कलकत्त्याजवळचं दमदम. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका खलाशानं (इथे खलाशी म्हणजे मजूर) ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं. शिपायानं जातीवरून नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला, थोडे दिवस थांब, तुझी जात जाणारच आहे, नव्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावतात आणि ती तुम्हाला दातांनी तोडावी लागणार. दमदमच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालातच हे नोंदलेलं आहे. ही बातमी तिथून छावण्या-छावण्यांतून पसरली आणि मे महिन्यात मेरठ पेटलं.

आता ही 'अफवा' म्हणायची का? इतिहासाच्या पुस्तकात 'चरबीची अफवा' असं वाचत आलो. पण सांगणारा माणूस कारखान्यात काम करणारा होता. त्याच्या हातून सामान जात होतं. कंपनी सरकारनं पुढे वंगण बदलायची, स्वतःचं वंगण वापरायची मुभा दिली, ती उगीच नाही. मी पाटीपेन्सिल यांच्या बाजूनं.

वाचाळवीर

त्याच वर्षीच्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरत होत्या. चौकीदार पुढच्या गावच्या चौकीदाराला देणार, त्यानं आणखी करून पुढे द्यायच्या. काही मजकूर नाही, चिठ्ठी नाही. साहेब लोकांची झोप उडाली होती.

पुस्तकवेडा

चपात्यांचा अर्थ काय होता यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. त्यांचा बंडाशी थेट संबंध जोडू नका. पण एका गोष्टीवर निळासावळा यांना दुजोरा. तेव्हा तारायंत्र इंग्रजांकडे होतं आणि त्याचा त्यांना मोठा उपयोग झाला. शिपायांनी जागोजागी तारा तोडल्या, त्या काही खोडी म्हणून नव्हे. दुसऱ्याची बातमी अडवायची आणि आपली चालू ठेवायची, हे त्यांना नेमकं कळत होतं.

सुलभा_मावशी

किती सुंदर धागा. मराठीत यासाठी शब्दांची काय कमी! वावड्या उठतात, कंड्या पिकतात, हूल उठते, आवई येते, गोष्ट षट्कर्णी होते, शेवटी चव्हाट्यावर येते. पण हे सगळे शब्द बातमीला नावं ठेवणारे आहेत, सांगणाऱ्याची बाजू घेणारा एकही नाही. त्यातल्या त्यात 'कर्णोपकर्णी' बरा. आमच्या आजोळी विहिरीवर सुना पाणी शेंदायच्या. त्यांना माहेरची खबर मिळायची ती तिथेच. पत्र यायचं सासऱ्यांच्या नावानं, आणि ते सुनेला वाचून दाखवतीलच असं नाही. शेजारच्या गावाहून आलेली एखादी सांगायची, "तुझ्या आईला आता बरं आहे गं." तेवढ्यावर पुढचे महिने निघायचे. घरात मात्र म्हणायचे, 'बायका विहिरीवर चकाट्या पिटतात.'

रेवा_रिचमंड

मावशी, इंग्रजीतल्या 'गॉसिप' शब्दाचीही तीच गत झाली. जुन्या इंग्रजीत तो 'गॉडसिब', म्हणजे बारशाच्या नात्यातलं माणूस, धर्मआई वा धर्मबाप. पुढे बाळंतपणात जवळ बसणाऱ्या जिवलग बायका. आणि मग त्या बसून बोलतात म्हणून त्यांचं बोलणं.

चिंगी

सुलभा मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आमच्याकडेही असंच होतं.

एचआरवाली

ऑफिसचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. ग्रेपवाइन मॅनेजमेंटच्या पुस्तकात आला तो कीथ डेव्हिस यांच्यामुळे. १९५३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधे त्यांचा लेख आला. त्यांनी एका कंपनीत प्रत्येकाला विचारलं, ही बातमी तुला कुणाकडून कळली? आणि मग माग उलटा काढत नेला. त्यांना दिसलं की बातमी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळीनं जात नाही. एक जण निवडक दोघातिघांना सांगतो, त्यातला एखादाच पुढे सांगतो, बाकीचे ऐकून गप्प बसतात. गाइडात 'क्लस्टर चेन' म्हणून येतं ते हेच. पुढे नेणारी माणसं थोडीच असतात.

मी नोकरीत जे बघितलं तेही असंच. एका जुन्या ठिकाणी कपात होणार होती. वरून ईमेल आली 'काळजीचं कारण नाही'. कँटीनमधे मात्र नेमकं कुठलं डिपार्टमेंट जाणार ते सगळ्यांना माहीत. कुठून कळलं? प्रिंटरवर कुणाच्या तरी कागदांच्या खाली राहिलेली यादी हाउसकीपिंगच्या ताईंनी पाहिली होती. त्यांनी ज्यांना सांगितलं ती माणसं वेळेवर दुसरीकडे अर्ज करू शकली. मी एचआरमधे असूनही मला त्या ताईंचा राग आला नाही.

पुस्तकवेडा

हे मात्र मला हवं होतं. एचआरवाली, डेव्हिसनं उलटा माग काढला म्हणजे गोदाकाठ म्हणाले तेच केलं, शेंड्याकडून बुंध्याकडे.

आता माझं मत नीट मांडतो. पाटीपेन्सिल, 'अफवा' हा अर्थ काढून टाकू नका. युद्धकाळात तो होता, आजही आहे, आणि आजच्या मोबाइलवरच्या फॉरवर्डमुळे गावात परक्या माणसांना पोरं पळवणारी टोळी समजून मारल्याच्या घटना आपल्याच राज्यात झाल्यात. २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांचा असा जीव गेला. ज्यांच्याकडे पेपर नाही त्यांची बातमी म्हणून प्रत्येक कर्णोपकर्णी गोष्टीला मान देता येत नाही.

पाटीपेन्सिल

राईनपाड्याचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर, आणि ते वर्गात सांगायलाच हवं. पण दोन्हींत एक फरक मला दिसतो. टपाल कचेरीत रेंगाळलेला माणूस, कारखान्यातला खलाशी, एचआरवालीच्या ताई, डॅबनीची बायको, यांनी स्वतः ऐकलं होतं किंवा डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ज्यांना सांगितलं ती माणसं त्यांना ओळखत होती. बातमी खोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी त्यांना तोंड दाखवायचं होतं. फॉरवर्ड करणाऱ्याला यातलं काहीच नसतं. कुणी पाहिलं, कुठे, कधी, त्याला ठाऊक नाही, आणि जाब विचारायला कुणी येत नाही. मुलांना मी आता हाच प्रश्न घालणार: बातमी आली तेव्हा पहिलं तोंड कुणाचं होतं, शोधा.

पुस्तकवेडा

हे मान्य. फक्त खरं सांगणाऱ्या ओळखीच्या माणसाचीही बातमी चौथ्या तोंडी बदलते, हेही शिकवा.

तारमास्तर

म्हणूनच आम्ही महत्त्वाचे आकडे तारेच्या शेवटी परत एकदा पाठवायचो. सांगणाऱ्यानं दोनदा सांगावं, ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवावं. तोंडी निरोपालाही हा नियम चालेल.

कट्टेकरी

गोदाकाठ कुठे गेले? त्यांच्या वेलीवर एवढं बोललो आणि मालकच गायब.

गोदाकाठ

बागेत होतो. डाऊनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी चालू आहे, ढग आले की आम्हाला झोप नाही. आणि ढग येणार हे वेधशाळेच्या आधी मला निफाडच्या मेव्हण्याच्या फोनवरून कळतं, कारण पाऊस त्यांच्याकडे आधी पडतो.

पाटीपेन्सिल ताई, मुलांना एकदा घेऊन या. आमच्या बांधावर एक डॉगरिज मुद्दाम मोकळा सोडलाय, त्याला हात लावू देत नाही कुणाला. ऑक्टोबरच्या छाटणीआधी आलात तर पानं भरलेली असतील, माग काढायला मजा येईल. बुंधा मी दाखवतो, शेंडा पोरांनी शोधायचा. शेवग्याच्या शेंगा मात्र उतरवून न्याव्या लागतील, त्यानं फांद्या पार वाकवल्यात.

पाटीपेन्सिल

नक्की येणार. प्राचार्यांकडे बसची परवानगी मागते उद्याच.

चिंगी

उद्या कशाला, कॉलेजच्या शिपायाला आजच सांगा. प्राचार्यांना सकाळपर्यंत कळलेलं असेल.